हिंदीतली शिक्षा

मी मूळची सांगलीची. चंदीगडला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते, तेही इंग्रजीतून, त्यामुळे माझ्या हिंदीचा सगळा आनंदीआनंद आहे. लेक इथेच जन्मली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते आणि भाजीवाल्यासमोरसुद्धा माझ्या चुका काढते.

ती नववीत असताना वर्गातल्या एका मुलानं वाढदिवसाच्या फोटोतला तिचा चेहरा कुठल्याशा ॲपवर एका उघड्या शरीराला जोडला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिला. दुपारपर्यंत तो फोटो शाळाभर पसरला. लेक एवढंच म्हणाली, "वो क्लास में रहेगा तो मैं नहीं जाऊँगी."

मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावलं. मुलाचे वडील आधीच येऊन चहा पीत बसले होते. ते बघूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटला. "मॅडम, इस लडके को शिक्षा मिलनीही चाहिए!"

दोघांचे चेहरे उजळले. "बिलकुल जी," बाई म्हणाल्या, "हम भी यही कह रहे हैं. बच्चे की पढाई क्यों रुके?" वडिलांनी तर हात जोडले. "बडा दिल है जी आपका."

मला काही कळेचना. शेजारी मान खाली घालून बसलेली लेक पुटपुटली, "सजा बोलो, आई. यहाँ शिक्षा मतलब पढाई."

"सजा!" मी ओरडले. बाईंचं हसू मावळलं. सजा म्हणजे फार होतं, बच्चा आहे, असं त्या म्हणाल्या. वडिलांनी कप खाली ठेवला. "फोटो तो नकली है जी. आपकी बेटी का क्या गया?"

शेवटी ठरलं ते असं: मुलाला समज द्यायची, आणि माहौल थंड होईपर्यंत माझ्या लेकीनं घरीच अभ्यास करायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पोलिसांत जाते म्हणून सांगितलं आणि तिला घेऊन उठले.

झिरकपूरला घरी परतताना रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या. मी तावातावानं बोलत होते, त्या बापाला शिव्या घालत होते. ती काचेबाहेर बघत होती.

"आई, चेहरा मेरा था. पर बॉडी भी तो किसी लडकी की होगी ना?"

माझा राग विझला आणि नुसती भीती उरली. पुढची गाडी हलली तरी मी तशीच बसून राहिले.

"उस लडकी को पता भी होगा?" तिनं विचारलं.