चिमटीचा अंदाज

कुंभिवलीच्या कारखान्यात वायरलेस संच तयार होत. प्रत्येक संच शेवटी येसाजीच्या टेबलावर येई. संचाला सेन्सर जोडायचा, पाच वॅट ताकद बाहेर पडते का ते मीटरवर बघायचं, कमी-जास्त असेल तर पेच फिरवून पाचावर आणायचं. पोशीरहून दोन गाड्या बदलून येत तो बावीस वर्षं हेच काम करत होता. मीटर चालू केला की अर्धा तास थांबायचं, शून्य लावायचं, मगच पहिला संच. घाई त्यानं साहेबालाही करू दिली नाही.

फक्त सेन्सरचा नट आवळायला दिलेला, ठरावीक जोर आला की आपोआप सुटणारा पाना त्यानं कधी खोक्यातून काढला नाही. "माझ्या चिमटीला कळतं," म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी रोजचा सेन्सर कपाटातल्या प्रमाणित सेन्सरशी ताडून बघायचा असे. अशाच एका सोमवारी एकाच संचावर रोजचा पाच दाखवत होता, कपाटातला पाच पूर्णांक सहा दशांश. येसाजीनं जोड पुसले, पुन्हा शून्य लावलं, पुन्हा मोजलं. तेच. मग सेन्सर भिंगाखाली धरला. मधली पिन झिजून आत सरकली होती. नट फिरवायचा सोडून अख्खा सेन्सरच पिळला की असं होतं. नव्या पोरांना हे तोच शिकवत आला होता. आणि या सेन्सरला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता.

महिन्याभरात साठ संच या खोट्या पाचावर आणले होते. म्हणजे साठही संच जास्त ताकदीवर चालणार, तापणार, कधीतरी बोलता बोलता बंद पडणार. त्यातले वीस बाहेर गेले होते.

तपासणीच्या इंजिनियर श्रद्धा मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पिन बघितली आणि दार लोटलं.

"काका, खाली पडला असं लिहू?"

"पडला नाय."

"अहो, कुणाच्याही हातून पडतो. पिळून बिघडला लिहिलं तर टेबलावरून काढतील तुम्हाला."

"लिवा मॅडम. माज्या बोटांना कळत नाय आता. लई दिस झालं."

"मग आधी का नाही सांगितलं?"



वीस संच परत मागवले. पॅकिंगचा सखा म्हणाला, "येसाजी, बांधलेली खोकी सोडाया लावलीस रं! आता तुज्या चिमटीची पूजा घालू का?" येसाजीनं साठही खोकी स्वतः सोडली. चार दिवस मॅडम पान्यानं कपाटातल्या सेन्सरचा नट आवळत होत्या आणि तो आकडे वाचत होता. एकही संच पाचावर नव्हता.

पाचव्या दिवशी त्याला फाटकावर गाड्यांची नोंद करायला बसवलं.

"बसायला खुर्ची हाय का?" घरी बायकोनं, अंबाबाईनं विचारलं.

"हाय."

"बरं झालं. डोळं फोडून घेत व्हता तिथं. देवानं ऐकलं माजं. नारळ सोला, वाढवून येते."

तो नारळ घेऊन पायरीवर बसला. काथ्या बोटांतून सुटत राहिला.