माईकची मागची बाजू

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही — आणि स्टुडिओतली बाकी प्रत्येक गोष्ट तिला माहीत आहे.

चंद्रपुरात माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. माईकमधलं मला कळतं, हे उगाच आढेवेढे न घेता सांगतो. झाडीपट्टीची नाटकमंडळी असोत की भजनी मंडळ, माईक घ्यायचा झाला की लोक आधी मला फोन करतात. आधी आवाज ऐकायचा, मग खोली बघायची, मग माईक. महागडा तोच चांगला असं मुळीच नाही. पत्र्याच्या खोलीत स्टेजवरचा साधा माईक बरा. नाजूक माईक गाण्यासोबत पत्र्यावरच्या चिमण्याही पकडतो. हे सगळं मला येतं. पण तेव्हा येत होतं का?

स्टुडिओ टाकला त्याच वर्षी मी पहिला भारी कंडेन्सर माईक आणला, नाजूक जातीचा. आठवडाभरात आरमोरीकडच्या एका खेड्यातून सुमनबाई आल्या. धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणारी, पंचेचाळिशीची बाई. भीमजयंतीला विहारासमोर गायच्या. तो आवाज मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकला होता, आणि मीच त्यांना बोलावलं होतं. ठेवणीतली साडी नेसून, नवऱ्याला सोबत घेऊन आल्या.

गायल्या. हेडफोनमध्ये आवाज पातळ, भिंतीपलीकडून आल्यासारखा. मी म्हटलं, मोठ्यानं गा. गायल्या. अजून मोठ्यानं — तिसऱ्यांदा आवाज फाटला. मग मी काय बोललो?

"बाई, तुमचा आवाज माईकले जमत नाई. काही आवाज मैदानातच बरे वाटते."

नवरा खाली बघत राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "मले वाटतच होतं भाऊ. आपला आवाज उघड्यावरचा." पदर सारखा केला आणि उठल्या.

ते गेल्यावर माईक पुसायला घेतला. हेडफोन कानावरच होते. पुसता पुसता गुणगुणलो — आणि माझाच घोगरा आवाज कानात भरून आला, स्वच्छ, अगदी जवळून. मी माईकच्या दुसऱ्या अंगाला उभा होतो. स्टेजवरच्या माईकच्या टोकाशी तोंड नेलं की झालं. या माईकची मात्र एकच बाजू नीट ऐकते. तीन वेळा मी त्या बाईला त्याच्या पाठीशी गायला लावलं होतं.

बसस्टँड दहा मिनिटांवर. त्यांची गाडी सुटायची होती. नवऱ्याचा नंबरही होता माझ्याजवळ. गेलो का? फोन केला? काय सांगणार होतो — की स्टुडिओ टाकलाय, पण माईक कसा ठेवायचा ते माहीत नाही?

मी खुर्चीत बसलो आणि तिन्ही रेकॉर्डिंगं पुसून टाकली. कुणी जाणकार ऐकेल, लगेच ओळखेल — ही भीती. तेवढीच.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी आली. प्रज्ञा, धानोऱ्याला शिक्षिका आहे. सुमनबाई वारल्या होत्या. इथून गेल्यावर आई पुन्हा कधी गायलीच नाही, जयंतीलाही नाही, असं तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं का? तिला फक्त तो आवाज हवा होता.

"फाटका असला तरी चालते भाऊ. आईचे बोलण्याचे व्हिडिओ आहेत आमच्याजवळ, गाणं एकपण नाई."

मी म्हणालो, जुना कॉम्प्युटर जळला, त्यात सगळं गेलं.

तिनं विश्वास ठेवला. वर, शाळेतल्या मुलींची गाणी रेकॉर्ड करायला कोणता माईक घेऊ, हेही विचारलं. अर्धा तास मी तिला समजावत होतो — कोणता घ्यायचा, किती अंतरावर ठेवायचा, कोणती बाजू मुलींकडे करायची. चांगलं समजावलं मी. माझं काम मला येतं. ती वहीत लिहून घेत होती. मध्ये एकदा थांबून म्हणाली, "आईचा आवाज खरंच माईकले चालत नव्हता का?"

मी म्हणालो, "नव्हता."

कॉम्प्युटर जळला नव्हता. सुमनबाईंचा आवाज चांगला होता. तो मी माझ्या हातानं पुसला.