झिंगलेले उंदीर

रोह्याहून बहिणीचा मुलगा माझ्याकडे जोह्याला आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. मोबाइल चोरून विकायचा आणि गांजा ओढायचा. आमचा गणपतींचा कारखाना. नवख्याला आम्ही आधी उंदीर रंगवायला देतो, तसे त्यालाही दिले.

दुसऱ्या दिवशी बघते तर चाळीसच्या चाळीस उंदरांचे डोळे लालभडक, अर्धवट मिटलेले! मी किंचाळले, "मेल्या, बाप्पाच्या पायाशी गर्दुल्ले बसवलेस?" अख्खा कारखाना हसून लोळला. एकीच्या हातातून रंगाची वाटीच सुटली. पोरगाही पोट धरून हसला, आल्यापासून पहिल्यांदाच.

"आरशात बघून काढले गो, मावशी."

मला पुन्हा हसू फुटलं. "मग आता बघ आरशात!" म्हणत मी आरसा त्याच्या नाकाशी धरला. हसून हसून डोळे नुसते चमकत होते. त्याने तेच काढले, एकोणचाळीस उंदरांना. एक मी लपवला.

आता तो मूर्तीचे डोळे आखतो, कारखान्यातलं सगळ्यात अवघड काम. लपवलेला उंदीर माझ्या टीव्हीशेजारी असतो. परवा म्हटलं, "याला पण सुधार की रे."

"नको, राहू दे. त्याच्यावर माझी नजर हाय."