आठाच्या पोटातला केस

गावात लेआर्कोला लेआर्को म्हणणारी माणसं दोनच. एक बायको इओले आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळ्यांचा तो 'भिंग', गळ्यात कायम भिंग लटकतं म्हणून. रोमान्या प्रांतातल्या या खोऱ्यात माणसाचं बारसं दोनदा होतं, एकदा चर्चमध्ये आणि एकदा बारमध्ये. टिकतं ते दुसरंच.

भिंग जुन्या मोटारसायकलींची मीटरं नीट करायचा. इंजिनाचं इथे कुणाला कौतुक नाही. न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत जो तो बाह्या सारून इंजिन उघडतो, आणि उरलेले नटबोल्ट डब्यात टाकून 'हे जादाच होते' म्हणतो. पण मीटर म्हटलं की भलेभले हात मागे घेतात. काच धरून ठेवणारं पत्र्याचं कडं कारखान्यातच मागे दुमडलेलं असतं. ती दुमड बोथट पटाशीनं कणाकणानं उठवायची, आणि शेवटी पुन्हा अशी बसवायची की मीटर कधी उघडलंच नव्हतं असं वाटावं. आत केसासारखी स्प्रिंग, नखाएवढी चाकं, आणि उन्हानं पापुद्रे सुटलेली डायल. डायल नव्यानं काळी करायची आणि तिच्यावर एकेक आकडा हातानं रंगवायचा. भिंग हे काम तरुणपणी बोलोन्या शहरात आर्मांदो मास्तरांकडे शिकला होता. मास्तरांची नजर तेव्हा गेलेली, त्यामुळे रंगकाम सगळं या एकट्या चेल्याकडे. रंगवलेली मीटरं खोक्यांत भरून देशभर जायची. कुणाच्या गाडीवर बसली, कुठे फिरली, कुणास ठाऊक.

गावी परतल्यावर त्याचं एकछत्री राज्य होतं. आणि मग कारंज्यासमोर ओरियानोनं दुकान टाकलं.

ओरियानो चाळिशीचा, शांत, दाढी कोरलेली. दुकानाला रस्त्याच्या बाजूनं सबंध काच. आत पांढरे दिवे. तो डायल छापायचा. कॉम्प्युटरवर आकडे मांडायचे, छपाईच्या जाळीतून रंग ओढायचा, झालं. दिसायचं छान, कुणी नावं ठेवू नयेत असं. भिंगाच्या पोटात दुखायला नेमकं तेच पुरेसं होतं. वाईट काम असतं तर त्याला शांत झोप लागली असती.

त्यानं कारंज्याकडचा रस्ता टाकला. पण आतलं बघितल्याशिवाय राहवेना म्हणून ओरियानोसमोरच्या वाण्याकडून चीज घ्यायला सुरुवात केली. चीज घ्यायचं आणि वाण्याशी हवापाण्यावर बोलत तिरक्या डोळ्यानं काचेपलीकडे बघायचं.

"हे चीज आहे की साबण?" इओलेनं एक दिवस ताट पुढे सरकवून विचारलं.

"चांगलं आहे. सवय होईल."

"ओरियानोची झाली नाही ती अजून, चीजची कशी व्हायची?"

भिंगानं गुपचूप साबण खाल्ला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या वर्षी ग्वालांदीची लाल गाडी बाहेर निघाली. ग्वालांदी हा गावचा शर्यतपटू, मरून तीस वर्षं झालेला, पण बारमध्ये अजून रोज जिंकणारा. गावच्या मोटारसायकल क्लबनं त्याची गाडी पुतण्याकडून मिळवली. इंजिन सगळ्यांनी मिळून केलं, म्हणजे भांडत केलं. राहिलं मीटर. त्याची डायल पार करपलेली, आकडा एक दिसत नव्हता. हे काम ज्याच्या हातून होईल त्याचं नाव गाडीखालच्या पितळी पाटीवर ग्वालांदीच्या नावाबरोबर यायचं. भिंगानं मनातल्या मनात ती पाटी केव्हाच वाचून ठेवली होती.

क्लबचा अध्यक्ष नेव्हियो. माणूस सरळ, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो बारमध्ये म्हणाला, "आशीर्वादाच्या रविवारी ठरवू. सगळ्यांच्या गाड्या पाद्रीबाबांच्या आशीर्वादाला चौकात येतील, तुमच्या दोघांची कामं शेजारी शेजारी बघू, आणि मग..."

"आणि मग काय? त्याच्या मीटराशेजारी माझं मीटर ठेवणार? बैलाशेजारी बैलाचं चित्र ठेवतात का?" भिंग म्हणाला.

"चित्राला दाणावैरण लागत नाही," कोपऱ्यातून कुणीतरी बोललं, आणि बार हसला.

त्याच आठवड्यात देल्फिना गाडी घेऊन बारसमोर आली. देल्फिनाची पियादीनाची टपरी आहे. तव्यावर रोटी थापत थापत ती दहा जणांना एका वेळी टोमणे मारू शकते. गाडी तिच्या वडिलांची, अंगणात झाकून ठेवलेली. मीटर बरीच वर्षं बंद होतं, ते तिनं ओरियानोकडून करून घेतलं होतं, आणि ओरियानोही मागे उभा होता. सगळे त्यावर वाकले. मग हळूहळू सगळे गप्प झाले. बारमध्ये असं फक्त पेनल्टी किकच्या वेळी होतं.

भिंगानं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं.

डायलचा काळा रंग विहिरीसारखा खोल. आकडे हस्तिदंती, आणि हातानं रंगवलेले! छापलेले नव्हेत. दोनचं वळण असं की आता उठून चालू लागेल. प्रत्येक आकडा पुढच्या आकड्याकडे किंचित झुकलेला, जणू गाडी उभी असतानाही वेग मोजत होता. भिंगानं दोनदा पुन्हा बघितलं. म्हणजे याला हातानंही येतं. म्हणजे हा छापतो तो आळसानं, नाइलाजानं नव्हे.

"काय भिंग, कसं आहे?" देल्फिनानं विचारलं.

"काट्याचा लाल रंग खाटकाच्या दुकानातला वाटतो," तो म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला.

घरी इओलेनं सूपमध्ये काप्पेलेत्ती, म्हणजे सारण भरलेले छोटे कानोले, केले होते. हे ताट पुढे असताना भिंगानं कधी मान वर केली नव्हती. आज चमचा बुडवून तो बसून राहिला.

"जेव की."

"भूक नाही."

"डॉक्टरला बोलावू की ओरियानोला?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कामाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. रिकाम्या डायलवर तो तसाच दोनचा आकडा काढायला बसला. दुकानातला भारीतला ब्रश, तोच रंग, तोच प्रकाश. आकडा यायचा. बरोबर यायचा, मापात यायचा. पण ओळीत उभ्या केलेल्या शिपायासारखा ताठ. पुसला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा हात घसरला आणि दोनचं बदक झालं. भिंगानं ब्रश फेकला. ओरियानोला आजवर त्यानं चोर म्हटलं होतं, छापखानावाला म्हटलं होतं. मोठा कारागीर म्हणायची वेळ येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि आता ती वेळ त्या बंद खोलीत येऊन त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली होती.

आशीर्वादाचा रविवार उजाडला. चौकात गाड्या ओळीनं लागल्या. पाद्रीबाबा एका हातात बादली आणि एका हातात ऑलिव्हची फांदी घेऊन निघाले आणि टाक्यांवर, चाकांवर, लोकांच्या टकलांवर पवित्र पाणी उडवत गेले. त्यांच्या पाठोपाठ मालक लोक फडकी घेऊन धावत होते. श्रद्धा आपल्या जागी, गंज आपल्या जागी.

नेव्हियोनं ग्वालांदीची गाडी मधोमध उभी केली होती. मीटराच्या जागी नुसतं भोक. तो घाम पुसत पुसत देल्फिनाच्या गाडीशी आला आणि अचानक त्याला एक कल्पना सुचली, म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची वाट सापडली.

"भिंग, तू इथला सगळ्यात जुना. तूच सांग. हे काम ग्वालांदीच्या गाडीला शोभेल का? तू हो म्हणालास तर वाद मिटला."

चौक गोळा झाला. ओरियानो हातात टोपी घेऊन उभा. इओलेही गर्दीतून पुढे आली. भिंगाला कळलं की पाटी आता त्याच्या जिभेवर आहे. एक शब्द इकडे की त्याची, एक तिकडे की ओरियानोची.

त्यानं भिंग लावलं. ते वेडं सुंदर काम पुन्हा डोळ्यांत शिरलं, आणि तेवढ्यात त्याला ऐंशीच्या आठात, लाखेखाली, काहीतरी दिसलं. बारीक, तपकिरी. केस! ब्रशचा केस रंगात अडकून राहिलेला! भिंगाला एवढा आनंद गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"शोभेल?" तो आवाज चढवून म्हणाला. "हे बघा, आठाच्या पोटात केस! ब्रशचा केस गळला तो उचलायचंसुद्धा भान नाही. शिकाऊ पोरगं असतं तर मास्तरांनी कान उपटून हाकललं असतं. हात उतावळा आहे. आकडे बघा कसे पुढे पळतायत, डायल म्हणजे काय शर्यत आहे? ज्यानं हे केलंय त्याच्या हाती ग्वालांदीची गाडी द्यायची? मी तर त्याच्या हाती सायकलची घंटी देणार नाही."

 ओरियानो टोपी फिरवत म्हणाला, "मास्तर, मी फक्त काच आणि स्प्रिंग बदलली. काटा रंगवला. लाल रंगाचं तुम्ही म्हणालात ते खरंय, जरा भडक झालाय. पण डायलला हात नाही लावला मी. लावायची छातीच झाली नाही."

"मग बारमध्ये बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे शाबासकी देऊन गेले. मी म्हटलं, भिंग मास्तर दुकानात येतील तेव्हा त्यांना विचारू, हा हात कुणाचा. तुम्ही रोज समोर चीज घ्यायला यायचात, पण रस्ता काही ओलांडला नाहीत."

देल्फिना मध्येच म्हणाली, "अरे, त्यात कोडं कसलं? बाबा सांगायचे ना. मीटर बोलोन्याहून आणलं होतं, कुणा आंधळ्या मास्तराकडून. आर्मांदो की काय. माझ्या जन्माआधीची गोष्ट."

भिंगाचं भिंग हातातून सुटलं आणि दोरीला लटकत छातीवर आपटलं.

आंधळ्या मास्तराकडे रंगवणारा हात एकच होता. भिंग आपल्या हाताकडे बघत राहिला. तो हात खिशात घालावा की पाठीमागे लपवावा हे त्याला कळेना.

हळूहळू चौकालाही कळलं. "म्हणजे सायकलची घंटीसुद्धा नाही मिळायची रे तुला, भिंग!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग हसू जे फुटलं ते पाद्रीबाबांची बादली कलंडेपर्यंत थांबलं नाही.

इओले हसत नव्हती. तिनं नवऱ्याच्या गळ्यातलं भिंग ओढून घेतलं, नवऱ्यासकट, आणि वाकून आठात बघितलं.

"तपकिरी आहे," ती म्हणाली. "लेआर्को, तेव्हा तू ब्रश कशाचे वापरायचास?"

"कसले कसले. आठवत नाही."

"लग्नाआधी तू बोलोन्याला निघालास तेव्हा माझ्या तपकिरी वेणीची बट मागून नेलीस. मी विचारलं कशाला, तर म्हणालास, छातीशी जपून ठेवीन."

भिंग गाडीच्या चाकाकडे बघू लागला.

"तिचे ब्रश केलेस?"

"इतका मऊ आणि इतका ताठ केस दुकानात मिळत नव्हता गं," तो पुटपुटला. "आर्मांदो मास्तर म्हणाले होते, सोन्याची खाण सापडलीय तुला."

"माणसानं चाळीस वर्षं समजावं, आपण नवऱ्याच्या छातीशी आहोत," इओले चौकाला सांगत होती, "आणि असावं देल्फिनाच्या बापाच्या गाडीवर!"

नेव्हियोला मात्र सुटका दिसली. "झालं तर! ज्याचं काम त्यालाच गाडी. भिंग, ग्वालांदीचं मीटर तुझं."

पाटी हातात आली होती. आणि भिंगाला पुन्हा तीच जुनी कळ आली, पोटात, बरगडीखाली, नेहमीच्या जागी. फक्त या वेळी ओरियानोसाठी नव्हती. बोलोन्यातल्या त्या बावीस वर्षांच्या पोरासाठी होती, जो दोन काढायचा आणि दोन चालू लागायचा. ओरियानोचा रस्ता तरी टाळता येत होता. हा हलकट तर घरातच राहत होता.

"त्या तेव्हाच्या पोरानं केलंय ते," भिंग म्हणाला. "मी नाही. मला ते आता येत नाही. आठ दिवस दार लावून बसलो होतो, दोनचा एकही आकडा उठून उभा राहिला नाही."



तो ओरियानोकडे वळला. बोलताना प्रत्येक शब्द दाढेखालच्या खड्यासारखा लागत होता. "तुझा हात स्थिर आहे. काट्याचा रंग खाटकाचा असला तरी कड स्वच्छ आली आहे, मी बघितलंय. डायल तू रंगव. हातानं. छापलीस तर मी काच फोडीन, मीटरची नव्हे, दुकानाची. आकडा कुठे झुकवायचा ते मी शेजारी बसून सांगेन."

"आणि पाटीवर?" नेव्हियोनं घाबरत विचारलं.

"त्याचं घाल," भिंग म्हणाला, आणि थोडं थांबून, "माझं वर घाल."

ओरियानोनं टोपी डोक्यावर ठेवली. "पण मास्तर, ब्रश? दुकानातल्या ब्रशनं ते वळण येईल?"

"नाही येणार. केस लागतील. लांब, मऊ, आणि..." भिंगाची नजर सवयीनं कारागिराची झाली आणि गर्दीवरून फिरत देल्फिनाच्या जाड काळ्या वेणीवर जाऊन थांबली. "हे बघ, देल्फिनाचे..."

"खबरदार!" इओले गरजली.

सोमवारी सकाळी वाण्यानं चीज कापायला घेतलं तर भिंग नेहमीसारखा आलाच नाही. समोर बघतो तो भिंग कारंज्याजवळच्या त्या काचेच्या दुकानात स्टुलावर बसलेला. आणि मधोमध पांढऱ्या दिव्याखाली इओले उभी, अंबाडा सोडून, हातात कात्री घेऊन, ओरियानोला दटावत होती.

"पांढरे आहेत, पण माझे आहेत. डायलमध्ये एखादा राहिला, तर उचलायचा नाही."