गुडघे आधी कोणी टेकायचे?

कोल्हापूरला जायचं ठरलं तेव्हा माझा बेत साधा होता. अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, आणि येताना दोन जोड चपला. नंदावन्संनी फोनवरच तो मोडीत काढला. "वैनी, देवीला सोमवारी जाऊ. रविवारी फायनल हाय." नंदावन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या नाशिकच्या घरात शुद्ध बोलत वाढलेली ही बाई लग्नानंतर इतकी कोल्हापूरची झाली आहे की आता तीच आमचं मराठी सुधारते.

दिवसभराच्या एसटीनं अंग आंबलं होतं. स्टँडबाहेर रिक्षावाल्याला कसबा बावडा म्हणून सांगितलं, तर त्यानं मीटरकडे न बघता विचारलं, "कुणाकडं?" मी नंदावन्संच्या यजमानांचं, संभाजीरावांचं नाव सांगितलं.

"मोरबागेचं संभाजीराव? बसा पावणं. बुरुजगल्लीचं कोण असतं तर नेलं नसतं."

"का हो?"

"फायनल हाय. सोमवारपास्नं सगळी सारखीच."

नाशिककरांसाठी थोडा खुलासा करायला हवा. कोल्हापुरात प्रत्येक पेठेची एक तालीम असते. पूर्वी तिथे फक्त कुस्ती चाले, आता तालमीचा फुटबॉल संघही असतो आणि माणूस जन्मतो तो त्या संघासकट. संभाजीराव साखर कारखान्यातून निवृत्त झाले, मोरबाग पेठ सोडून बावड्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण मोरबाग तालमीचा हिरवा झेंडा बाल्कनीत आहे आणि तुळस त्याच्यामागे उन्हासाठी मान वाकडी करून उभी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला फेलिक्स आला. मोरबाग तालमीनं नायजेरियाहून आणलेला हा बचावपटू. उंच, सावकाश बोलणारा. शनिवार-रविवार तो वन्संकडे जेवतो. मी आधी तांबडा रस्सा तोंडाला लावला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. फेलिक्सनं पांढऱ्या रश्श्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "काकी, पहिले हे. मग ते. मी पण रडलो होतो."

जेवता जेवता उद्याच्या गोष्टी निघाल्या. याआधी मोरबाग आणि बुरुजगल्ली या दोन तालमींची गाठ पडली होती, तेव्हा फेलिक्सच्या पायात चेंडू आला की बुरुजगल्लीच्या प्रेक्षकांतून 'हुप्प हुप्प' (माकडाच्या आवाजाची नक्कल) सुरू व्हायचं. कोणीतरी केळंही फेकलं होतं.

"आमच्या तालमीचा अपमान हाय ह्यो," संभाजीराव म्हणाले. "चार दिवस घास उतरला न्हाय माझ्या घशाखाली."

"आणि फेलिक्सला काय वाटलं?" मी विचारलं.

संभाजीरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गोलपोस्टला काय वाटलं ते विचारत होते. फेलिक्स भाकरी मोडत म्हणाला, "मला लाज वाटली. मग राग आला, की मला का लाज वाटली."

म्हणून त्यानं तालमीकडे एक मागणी केली होती. परदेशात सामन्याआधी वर्णभेदाविरुद्ध खेळाडू एक गुडघा टेकवतात, तसा उद्या दोन्ही संघांनी टेकवावा. परत तसले आवाज आले तर आपण इथे खेळणार नाही, असंही त्यानं सांगून टाकलं होतं.

"टेकू की," संभाजीराव म्हणाले. "आमच्यात असला भेद न्हायच. ह्या काळ्याला आम्ही घरचा मानतोय."

वन्संनी ताटात वाढता वाढता विचारलं, "गेल्या वर्षी त्या कोफीला तुमी काय केलतं?" कोफी हा बुरुजगल्लीचा घानाहून आलेला आघाडीवीर.

"ते येगळं," संभाजीराव म्हणाले. "त्यो त्यांचा हाय."

संध्याकाळी ते मला मोरबाग तालमीत घेऊन गेले. आखाड्याच्या कडेला खुर्च्या मांडून बैठक चालू होती. वर तीन पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स होता आणि त्याच्या बरोबर खाली बसलेले एक गृहस्थ सांगत होते, की खेळात राजकारण आणू नये. पण खरी अडचण वेगळीच निघाली. ती मांडली तालमीचे प्रमुख सिकंदरवस्ताद यांनी. पांढऱ्या मिशा, अजूनही ताठ मान.

"परदेशातली पोरं टेकत्यात, मी टीव्हीवर बघितलंय. पण मराठीत गुडघं टेकलं म्हंजे काय हुतंय, ह्ये त्यास्नी कुणी सांगितलं न्हाय. मोरबागेनं आजवर कुणापुढं गुडघं टेकल्यात?"

फेलिक्स कोपऱ्यात उभा होता. त्यानं सांगायचा प्रयत्न केला की हे कुणापुढे टेकणं नाही, हे एकत्र टेकणं आहे. वस्तादांनी मान डोलावली, त्यांना पोराचं वाईट वाटत होतं हे दिसत होतं. थोडा विचार करून त्यांनीच मार्ग काढला. "देवीकडं तोंड करून टेकूया. मग कुणापुढं टेकलं असं हुईत न्हाय."

सभेला तो इतका पटला की चहा आला. तेवढ्यात बुरुजगल्लीकडून फोन आला. त्यांना गुडघा मंजूर होता, देवीची दिशाही मंजूर होती, फक्त मोरबागेनं आधी टेकवावा. मोरबागेनं कळवलं, आवाज तुम्ही काढलात, आधी तुम्ही टेका. त्यांनी कळवलं, मागणी तुमची आहे. माझा चहा संपला, दुसरा आला, तोही संपला. अखेर पंचाच्या शिट्टीवर दोन्ही संघांनी एकदम टेकवायचं ठरलं. फेलिक्सनं सगळ्यांचे आभार मानले. परतताना संभाजीराव समाधानानं म्हणाले, "बघितलंसा वैनी? बोलून सुटतंय सगळं."

रविवारी दुपारी स्टेडियम फुलून गेलं होतं. एका अंगाला हिरवे, समोर पिवळे. बायकाही पुष्कळ होत्या आणि त्यांचे घसे पुरुषांपेक्षा तयार होते. माझ्या एका बाजूला वन्सं शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला संभाजीराव हिरवा टॉवेल गळ्यात टाकून.

दोन्ही संघ मैदानावर उभे राहिले. पंचानं शिट्टी वाजवली. कोणीच टेकलं नाही. मोरबागेचे खेळाडू बुरुजवाल्यांच्या गुडघ्यांकडे बघत होते आणि बुरुजवाले मोरबागेच्या. पंचानं पुन्हा शिट्टी वाजवली. तेव्हा फेलिक्स एकटाच खाली गेला.

स्टेडियममध्ये हशा पिकला. आमच्याच बाजूनं कोणीतरी ओरडलं, "उठ की रं काळ्या, काय हरवलंय?" ओरडणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावं, आवाजात माया होती. फेलिक्स हलला नाही. गवताकडे बघत तसाच राहिला. मला ते बघवेना.

मग पिवळ्या रांगेतून कोफी निघाला. मधली रेघ ओलांडून आला आणि फेलिक्सच्या शेजारी त्यानं गुडघा टेकवला.

आमचा अख्खा स्टँड उठला. "बुरूज टेकला! बुरूज टेकला!" ढोल सुरू झाले, संभाजीरावांनी टॉवेल हवेत फिरवला. समोर पिवळ्या बाजूला माणसं आपल्याच पदाधिकाऱ्यांच्या अंगावर धावून गेली. फेलिक्सचा गुडघा कोणी मोजलाच नव्हता. आता समोरच्यानं आधी टेकवल्यामुळे मोरबागेला धोका उरला नव्हता, म्हणून आमचे बाकीचे दहाजण बिनघोर खाली बसले. ते बघून पिवळ्यांना वाटलं, मोरबाग अख्खी टेकली, आपला तर एकच टेकला. त्यांचेही ढोल सुरू झाले. दोन्ही बाजू विजयानं नाचत असताना ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, की दोन्ही संघांनी देवीला वंदन केलं असून आता सामन्याला सुरुवात होत आहे.

पहिला अर्धा भाग कोरा गेला. फेलिक्सच्या पायात चेंडू आला तेव्हा समोरून आवाज आले नाहीत, बहुधा तिकडे अजून भांडण चालू होतं. दुसऱ्या भागात कोफीनं मधून मुसंडी मारली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. आमच्या स्टँडच्या टोकाकडून 'हुप्प' ऐकू आलं. आधी दोघातिघांचं, मग ओळच्या ओळ, सरकत सरकत आमच्यापर्यंत. मी वळून पाहिलं. संभाजीराव तोंडाला हाताचा कर्णा करून उभे होते. चार दिवस ज्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, तेच.

वन्संनी त्यांचा सदरा ओढला. त्यांना कळलंही नाही.

कोफीच्या वाटेत आता एकटा फेलिक्स होता. त्यानं आवाज ऐकला आणि थांबला. चेंडूकडे पाठ केली, आमच्या स्टँडकडे चालत आला आणि जाळीपलीकडे, अगदी आमच्या समोर, गुडघा टेकवून बसला. त्याच्यामागे कोफीनं मोकळ्या मैदानातून जाऊन गोल मारला.

तो एकच गोल. मोरबाग हरली.

पुढचं सगळं लिहिण्यासारखं नाही. "विकला गेला" हा त्यातला सर्वांत सभ्य शब्द होता. फेलिक्सला लगेच बाहेर बोलावलं गेलं आणि तो शांतपणे चालत गेला. सामना संपल्यावर संभाजीराव घरात येताच बाल्कनीत जाऊन झेंड्याकडे तोंड करून बसले.

दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली. फेलिक्स होता. रविवार होता, जेवायचा दिवस. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, "काकी, येऊ?"

"जेवायला विचारत्यात व्हय रं?" वन्सं म्हणाल्या आणि ताट मांडलं.

तो जेवत असताना संभाजीराव आत आले. बसले नाहीत. "एक सांग. हुप्प कोफीला हुतं. तुला न्हवतं. तू का टेकलास? आन् आमच्याच म्होरं?"

फेलिक्सनं घास खाली ठेवला. "काका, माझ्यासाठी तुम्ही चार दिवस नीट जेवला नाही. म्हणून तुमच्यासमोर टेकलो. बुरुजवाले मला ओळखत नाहीत. त्यांच्यासमोर टेकून काय होणार?"

संभाजीरावांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पेल्यात ओतलं. मग म्हणाले, "गोल झाला की पण."

"हो काका. चांगला गोल होता."

सोमवारी सकाळी आम्ही देवीला गेलो. गाभाऱ्यापुढच्या रांगेत असतानाच वन्संना फोन आला, मोरबाग तालमीनं बेशिस्तीबद्दल फेलिक्सला काढलं होतं. दर्शन घेऊन चपलांच्या दुकानात शिरेपर्यंत दुसरा फोन आला. बुरुजगल्लीनं त्याला पुढच्या हंगामासाठी विचारलं होतं. रविवारी फेलिक्स आपल्या बाजूनं टेकला असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. फेलिक्सनं अजून हो म्हटलं नव्हतं. चपला घेताना मी एक जोड डाव्याच पायाचा पसंत केला, हे नाशिकला आल्यावर कळलं. लक्ष नव्हतं.

स्टँडवर सोडायला संभाजीराव आले. माझी बॅग त्यांनी सीटखाली सरकवली, खाली उतरले आणि खिडकीपाशी उभे राहिले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"वैनी, त्यो बुरुजाकडनं उतरला तर?"

"तर काय?"

"तर म्या मॅचला जानार न्हाय." हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांचा हात धरावासा वाटला.

"जाऊन नुसतं गप्प बसता येईल की, भावोजी."

त्यांनी त्यावर खरंच विचार केला. बस सुरू झाली, कंडक्टरनं दार ओढलं, तरी ते विचारच करत होते. "गप्प," ते स्वतःशीच म्हणाले, "आन् स्टेडियमात." खिडकी पुढे सरकली आणि ते मागे राहिले.

पंचगंगेचा पूल ओलांडताना मला त्यांचा राग आलेला नव्हता. हे लिहितानाही येत नाही. आपल्याच माणसासाठी ज्याचा जीव तुटतो, त्याला फक्त 'आपलं' या शब्दाची रेघ जरा लांब ओढायची असते, एवढंच काम. ते किती अवघड आहे हे मला नाशिकला पोचल्यावर कळलं. आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना मी ही हकीकत सांगितली. सगळ्या हळहळल्या. केळं फेकलं म्हटल्यावर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. फेलिक्स जाळीपुढे येऊन बसला इथवर आले, तर सर्वांनी एकदम विचारलं, "मग जिंकलं कोण?"

मी सांगितलं.

"असं भर मॅचमध्ये करायला नको होतं गं त्यानं," त्या म्हणाल्या. "मोरबागेचं नुकसान केलं." मोरबाग हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.