पेटीच्या तळाचा साचा

अमिरातीतल्या फुजैरात आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळाला बांधायची शिशाची वजनं आम्ही बाहेरून मागवायचो. ती आता घरीच ओतायची असं नवऱ्याने ठरवलं. दुबईच्या अल क्वोज भागात पेशावरचे एक म्हातारे चाचा वर्कशॉप बंद करत होते. त्यांच्याकडे वापरलेल्या साच्यांची एक पेटी आहे असं कळलं, तेव्हा एका सकाळी आम्ही दोघं पिकअप घेऊन गेलो.

नवरा एकेक साचा मिटून ट्यूबलाइटसमोर धरत होता. मधून उजेड दिसला की बाजूला, कारण त्या फटीतून शिसं गळतं. मी आतले खळगे बोटाने चाचपून गंज बघत होते. बरेच चांगले निघाले. चाचांची अट एकच, पेटी पूर्ण उचलायची.

तळाशी एक लहान साचा होता. लाकडी मुठींचा, तेल लावून जपलेला. उघडला तर आतले खळगे टोकाकडे निमुळते आणि बुडाशी बारीक गोल खाचा. दोरी ओवायला भोक नाही. माझे वडील पोलिसांत शस्त्रागारावर होते. रिव्हॉल्व्हरच्या जुन्या गोळ्यांवर असल्या खाचा मी लहानपणी पाहिल्या होत्या.

“अहो, हा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा आहे,” मी हळूच म्हटलं.

इथे परवान्याशिवाय असली वस्तू बाळगणं गुन्हा. नवऱ्याने मान वर केली. वर कॅमेरा, बाहेर आमची गाडी, साच्यावर माझ्या बोटांचे ठसे. काही न बोलता निघू या, असं तो पुटपुटला. पण आमच्यामागून दुसऱ्या कुणीतरी ती पेटी नेलीच असती.

मी चाचांना हिंदीत सांगितलं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं. कुण्या गोऱ्या साहेबाने देश सोडताना विकलेल्या सामानात पेटी आली, हेच परत परत सांगू लागले. मग उठले, हातोडा घेतला. तोडून टाकतो, खलास. मी साचा पाठीमागे धरला.

“चाचा, पुलिस को फोन आप ही कीजिए.”

“मेरा वीज़ा जाएगा, बेटी.”

“छुपाया तो पक्का जाएगा,” मी म्हटलं. शेवटी नवऱ्याने नंबर लावून दिला आणि चाचा बोलले.

पोलीस आले. आमची आयडी कार्डं घेतली, गाडी तपासली, तिघांना वेगवेगळं उभं केलं. अधिकाऱ्याने मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली, हा गोळीचा साचा आहे हे तुला कसं कळलं? मी वडिलांचं सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि परत तेच विचारलं. ओळखलं तेच चुकलं की काय, असं मला वाटायला लागलं. मग ठाण्यात बसवलं. नवरा शेजारी होता, पण आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. दुपार कलल्यावरची असरची अजान झाल्यावर आम्हाला कार्डं परत मिळाली. चाचांना मात्र ठेवून घेतलं.

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. सोडलं होतं, व्हिसाही शाबूत होता. बाकीची पेटी न्यायला या म्हणाले. आम्ही गेलो आणि प्रत्येक साचा पुन्हा उघडून पाहिला. या वेळी टॉर्च चाचांनी धरला होता. पेटी गाडीत चढल्यावर त्यांनी चहा मागवला, आणि तो आम्ही तिघांनी उभ्याउभ्याच प्यायला.