वरातीत लावलेलं आमचं गाणं

सकाळी आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम इंटरनेटवर आला. दुपारी जवळा बाजार गावात आमच्या ड्रमरच्या मावसभावाची वरात होती. डीजेवाल्याच्या हातापाया पडून अल्बममधलं मी गायलेलं पहिलं गाणं लावायला लावलं.

नाचणारे जागच्या जागी थांबले. घोड्यावरून नवरदेव ओरडला, "हे काय लावून राहिला? बंद कर!"

मला संताप आला. ह्या गाण्यापायी आम्ही रक्त आटवलं होतं! डीजेवाल्याचा हात बटणाकडं गेला, तेवढ्यात ड्रमरनं वरातीतल्या हलगीवाल्याच्या हातातली हलगी हिसकावली आणि गाण्याच्या ठेक्यावर कडाडून वाजवायला लागला. पोरं पुन्हा नाचायला लागली. वरात पुढं सरकली.

मधेच गाणं संपलं, हलगी चालूच राहिली. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ड्रमरच्यासुद्धा.